पाण्याआधी वर गेलेली देवी

मार्गशीर्षातली कोवळी सकाळ. हेमवर्णा, धुकेवसना, दवभारली. दरीच्या तळाशी सोनाळी नदी वाहत होती, निळसर, निवांत, कुणाचीही आज्ञा न मानणारी. बत्तीस वर्षांपूर्वी साहेबलोकांनी तिला अडवायचं ठरवलं होतं. नदीला ते कुणी कळवलंच नव्हतं.

धरण येणार, केळखोल गाव बुडणार! मोजणीचे लाल दगड अंगणाअंगणांत उभे राहिले. माणसं जागची हलली नाहीत. पण देवी बुडता कामा नये म्हणून गावाने तिला आधीच डोंगरमाथ्यावर नेऊन बसवलं, एकशे ऐंशी पायऱ्या वर. पाणी काही आलं नाही. आलं ते नुसतं पाण्याचं भय, आणि देवी वरच राहिली.

रोज तिच्यामागे चढत राहिली मथुरा गुरवीण. नवऱ्यामागे पूजा तिच्याच हाती आली होती. वैशाखाच्या वणव्यात चढली, आषाढाच्या अंधारधारांत चढली. हातात कळशी, ओठांत स्तोत्र, गुडघ्यांत आग. आता गुडघ्यांनी साफ नकार दिला होता. देवी खाली आली नाही तर तिच्यापुढे दिवा लावायला कुणीच उरणार नव्हतं, आणि मथुरेचा जीव त्या एका दिव्यासाठी तुटत होता.

परवा धरण रद्द झाल्याचा कागद आला. एवढासा कागद! त्यात बत्तीस वर्षांबद्दल एक अक्षर नव्हतं.

"म्हणान काय झाला?" गावाचे मानकरी भिकाजी गावकर म्हणाले. "कौल मिळाल्याशिवाय देवीक हलवूचा नाय."

म्हणून आज सगळे वर आले होते, मथुराही पायरीपायरीला टेकत कशीबशी. मथुरेने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. श्यामल शिळा, शुभ्र पाकळ्या. वारा थांबला, मानकरी थांबले, ऊन माथ्यावर आलं. ना उजवी हलली, ना डावी.

"उद्या परत लावूया," गावकर म्हणाले.

उद्या! मथुरेच्या अंगाचा तिळपापड झाला. धरणाचं काय ते विचारायला गेली की कचेरीच्या प्रत्येक खिडकीत तिने हाच शब्द ऐकला होता.

"तू पण सरकाराच्याच वळणार गेलंस?" ती थेट देवीवर कडाडली. "होय म्हणणस नाय, नको म्हणणस नाय! आता मी इचारूचंय नाय. चल घराक!"

पदराने तिने पाकळ्या पुसून टाकल्या. वर्षाच्या लेकराएवढी ती शिळा उचलून छातीशी धरली. गुडघे वळेनात, म्हणून पायरीवर बसली. बसल्या बसल्याच खालच्या पायरीवर सरकली, मग त्याखालच्या. अडवायला कुणी पुढे झालं नाही. हात द्यायलाही झालं नाही.

एक पायरी, एक श्वास. एक पायरी, एक शिवी. लुगडं फाटलं, तळहात सोलवटले, केस सुटले. मांडीवर देवी, डोळ्यांत संताप, आणि खाली अजून शंभर पायऱ्या.