मला विझवायला उशीर झाला

मित्रांनो, मी बेकरीतली एक जुनी भट्टी आहे. आता विझलेली. माझ्या पोटात सध्या रिकामे ट्रे रचून ठेवतात. ज्या पोटात अख्ख्या गल्लीचा पाव फुगत असे, त्याचे कपाट झाले. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते निराळेच आहे.

एका म्हाताऱ्या गवंड्याने मला विटामातीची बांधली, वर जाड घुमट दिला. पहिला जाळ केला तो मालकीणबाईंनी. तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. मालक पीठ मळायचे, पाव वळायचे. जाळ मात्र बाईंकडे. निखारे बाजूला ओढले की त्या माझ्या तळावर चिमूटभर पीठ टाकायच्या आणि त्याचा रंग बघायच्या. पीठ झटकन काळे पडले तर मी जास्त तापलेली. हळूहळू बदामी झाले तर पाव आत. मागून मालक रोज विचारायचे, "झाली का गं?"

"थांबा थोडं. घोड्यावर बसून आलात का?" बाई रोज म्हणायच्या.

गिऱ्हाइके म्हणत, "लाकडाच्या भट्टीची चव ती चवच!" ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. पण चव गिऱ्हाइकांना मिळायची आणि धूर बाईंना. आधी खोकला आला, मग दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, "बाई, भट्टी सोडा, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही."

एव्हाना हाताशी आलेल्या त्यांच्या मुलीने विजेच्या भट्टीची चौकशी केली. "बाबा, लाकूड महागच होत चाललंय. विजेवर रोजचा खर्च निम्म्यावर येईल."

"रोजचं स्वस्त आहे गं, पण आधी एकरकमी द्यायचे ते कुठून आणू?"

मालकांचे खोटे नव्हते. स्वस्तात पडणारी वस्तू घ्यायलाही आधी गाठीला पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नसतो, तो महागाची लाकडे जाळत बसतो.

पोटाला चिमटा घेऊन पैसे साठले. तेव्हा मालकांचे थोरले भाऊ म्हणाले, "घाई कशाला? या भट्ट्यांचे भाव उतरताहेत. पुढच्या वर्षी घे." मालक घुटमळले. बाईंनीच निकाल दिला, "मग थांबा थोडं. एवढी वर्षं धूर खाल्ला, आणखी एक वर्ष खाईन."

पुढच्या वर्षी भाव खरेच उतरले. मग वाटले, अजून उतरतील. सरकारी सवलत येणार असेही कानावर आले. हिशेब चोख होता, फक्त त्यात बाईंचा खोकला कोणी धरला नव्हता. मला वाटायचे, ओरडून सांगावे, "पाडा मला!" पण विटांना कुठली जीभ?

हिवाळ्यात बाईंना दवाखान्यात नेले. त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर महिन्याच्या आत मालकांनी नवी भट्टी आणली. बरीच स्वस्त मिळाली.

तिला धूर नाही, राख नाही. पाव चांगला फुगतो, आणि चवीचे गोडवे गाणाऱ्या गिऱ्हाइकांना फरकही कळला नाही. पहिल्या दिवशी मुलीने बटण दाबले. मालक पाठमोरे पीठ मळत होते. सवयीने त्यांनी विचारले, "झाली का गं?"

भट्टी तापल्याची घंटी वाजली. "हो बाबा, झाली."

मालकांचे हात पिठातच थांबले. "एवढ्यात?" ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखे रडले. मुलीने त्यांचे पिठाचे हात तसेच धरून ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटे सांगते. तुमच्या घरात कोणी धुरात उभे असेल, तर भाव उतरायची वाट बघू नका. माझ्यासारखीला वेळेवर विझवा. मालक अजून रोज सकाळी तोच प्रश्न विचारतात. घंटी वाजते, पाव आत जातो, आणि त्यांना थांबा म्हणणारे कोणी नसते.