धुतलेल्या पायांची परात

कोण बोलतंय म्हणून वर वेदीकडे बघू नका. इथे, दाराजवळच्या काचेच्या कपाटात बघा. मी परात बोलतेय. पितळेची, चांगली रुंद, काठाला एक पोचा पडलेली. मला घासूनपुसून इथे मांडलीय आणि समोर पाटी लावलीय, ‘विनम्र भेट’. विनम्र म्हणे! ऐकून अंगाची लाही होते नुसती.

मला घडवलं भुलेश्वरच्या एका तांबटाने. फिलोमिना लग्न होऊन गिरगावातल्या ह्या वाडीत आली, तेव्हा तिच्या आईने मला विकत घेतलं आणि काठावर टिंबं टिंबं ठोकून तिचं नाव घालून दिलं. सासरच्या भांड्यांत मिसळून हरवू नये म्हणून घालतात ना, तसं. वाडी तिला फिलूमाय म्हणायची. रोज माझ्यात भाकरीचं पीठ मळलं जायचं, आणि ईस्टरला फुगियांचं. मैदा, अंडी, नारळाचं दूध, सगळं हाताने फेटफेट फेटायचं आणि छोटे छोटे गोळे तेलात सोडायचे. टम्म फुगतात, म्हणून फुगिया. त्या पिठाचा वास अजून माझ्या नाकात आहे. परातीला कुठलं नाक, असं म्हणू नका.

वर्षातून एकदा मात्र मी देवळात जायचे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशूने कंबरेला पंचा गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. देवळातलं चिनीमातीचं भांडं एकदा फुटलं, तेव्हा फिलूमायने मला पुढे केलं. तेव्हापासून तो मान माझा.

आता गंमत ऐका. ज्यांचे पाय धुवायचे, ते घरून पाय धुवून येतात! नुसते धुवून नाही, दगडाने टाचा घासून, नखं कापून, पावडर मारून. त्यावर कोरे मोजे. त्यातही उजवाच पाय जास्त घासायचा, कारण फादर एकच धुतात. डाव्याला कोण विचारतो? इतकी वर्षं माझ्यात पाणी पडलं, पण ओतून देताना ते जसंच्या तसं स्वच्छ असायचं. सगळा मळ हे लोक घरी ठेवून यायचे.

फिलूमायला दोन मुलगे. थोरला इनास देवळाच्या कमिटीचा प्रमुख. पहिल्या बाकावर बसणार, त्या बारा जणांतही पहिला. धाकटा कैतान परळला गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो. त्याने लालबागच्या मेघनाशी लग्न केलं. ती हिंदू, धर्म काही बदलणार नव्हती, आणि कैताननेही तिला तसं सांगितलं नाही. इनासने दोघांना दारातच अडवलं. म्हणाला, “ह्या घराची पायरी चढायची नाही.” दोघं घोडपदेवला जाऊन राहिले. कैतान अधूनमधून देवळात मागे उभा राहून मिस्सा, म्हणजे आमची उपासना, ऐकायचा, पण भाऊ भावाशी बोलायचा नाही.

फिलूमायचे गुडघे गेले, जिना उतरणं बंद झालं. पीठ मळता मळता ती एकच बोलायची, “एक ईस्टर दोन्ही पोरं, दोन्ही सुना माझ्या टेबलावर जेवू देत. फुगिया मी मेघनाला शिकवीन. मग देवाने खुशाल बोलवावं.” दुसरं काही मागणं नव्हतं बिचारीचं.

गेल्या वर्षी नवे फादर आले. त्यांनी जाहीर केलं, “यंदा मी पाय धुणार नाही. कमिटीतल्या प्रत्येकाने ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याला घेऊन यायचं आणि स्वतः त्याचे पाय धुवायचे.” झालं! इनासचं तोंड बघण्यासारखं झालं. अख्ख्या वाडीला माहीत, तो कुणाशी बोलत नाही ते. माघार घ्यावी तर नाक कापलं जाणार. त्याने कैतानला फोन केला. फिलूमायला कळलं तेव्हा तिने बसल्या जागी चिंच लावून मला स्वतः घासलं. घासताना हसत होती आणि रडतही होती.

कैतान थेट गॅरेजमधून आला, चपला घालून. खुर्चीवर बसला, पाय पुढे केला. काय पाय होता! टाचेला भेगा, भेगांत ग्रीस, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा पाय मिळाला हो. मला वाटलं, आज आपल्या जन्माचं सार्थक झालं.

इनास गुडघ्यावर बसला. चहूकडून मोबाईल वर झाले. तो ओठ न हलवता पुटपुटला, “पाय तरी धुवून यायचं ना रे!”

“अरे, धुवायलाच बोलावलंस ना?” कैतान म्हणाला.

इनासने वरूनच पाणी सोडलं. हात लावला नाही. तरी माझ्यातलं पाणी काळं झालं. मग पायाचं चुंबन घ्यायचं असतं. इनास वाकला, पण ओठ चार बोटं वरच थांबले. फोटोत ते कळत नाही. कैतानलाही दिसलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते. “बस रे दादा, झालं,” असं म्हणत त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

मिस्सा संपल्यावर कैतानने मला काखोटीला मारलं. बाहेर मेघना थांबली होती. इनास आणि ही दोघं, असे तिघं वाडीत आले. फिलूमाय वर खिडकीत वाट बघत बसलेली. पायरीशी येताच इनास वळला.

“तू ये वर. आयला भेट. हिचं नंतर बघू कधीतरी.”

“दादा, आत्ता माझे पाय धुतलेस ना?”

“ते देवळातलं झालं रे.”

कैतान मेघनाकडे वळला. तेवढ्यात मी त्याच्या काखेतून सटकले आणि पायरीवर आपटले. हा पोचा तेव्हाचा. वरून फिलूमाय ओरडली, “मेघना, वर ये गं! कुणाचं ऐकू नको!”

“येईन आई, नंतर येईन,” मेघना म्हणाली. “तुम्ही वाकू नका, पडाल.” आणि नवऱ्याचा हात धरून ती निघून गेली.

त्या ईस्टरला फिलूमायने मला हात लावला नाही. इनासला म्हणाली, “माझं ताट तुझ्या टेबलावर वाढू नकोस.” दुपारी पायरीवर एक डबा आला. मेघनाने फोनवर सासूला विचारून विचारून, आपल्या स्टीलच्या टोपात फुगिया केल्या होत्या. फिलूमायने पलंगावर बसून त्या खाल्ल्या. “साखर कमी झालीय,” म्हणाली. “भेटली की सांगते तिला.”

भेट झालीच नाही. पावसाळ्यात फिलूमाय गेली. त्या दिवशी मेघना पहिल्यांदा ती पायरी चढली. मयताच्या घरी कुणाला अडवत नाहीत. स्वयंपाकघरात मी पालथी होते. तिने मला सुलटं केलं, काठावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि ती तिथेच खाली बसून हमसून हमसून रडली.

महिन्याभरात इनासने मला देवळाला दिलं. आधी काठ मशीनवर घासून पॉलिश करून घेतलं. त्यात फिलूमायचं नाव गेलं. आता पाटीवर इनासचं नाव आहे आणि मागे तो फोटो, गुडघ्यावर बसलेला इनास. लोक येतात, बघतात, म्हणतात, काय मोठं मन आहे हो! मिस्सामध्ये सगळे मिळून देवाला म्हणतात, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. इनासचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. अरे बाबा, जरा जपून माग! त्याने खरंच तुझ्या मापाने दिली तर?

खरं सांगते, मीही अजून इनासला माफ केलेलं नाही. प्रयत्न करतेय. रोज त्याच देवासमोर असते, मलाही जमायला हवं. पण पितळ आहे मी, आंबट लागल्याशिवाय उजळत नाही.

पवित्र गुरुवार जवळ आलाय. इनास, कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते. ह्या खेपेला मला बाहेर काढशील ना, तर देवळात नको नेऊस. एक टॅक्सी कर आणि घोडपदेवला चल. कमिटीला सांगू नकोस, मोबाईल नेऊ नकोस. त्यांच्या दारात मला ठेव आणि खाली बस. कैतानचा डावा पाय अजून धुवायचा राहिलाय. आणि मेघनाचे दोन्ही.