अठ्ठावन्न सालचं मतदान

तरुणांच्या निवासी लोकशाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार, म्हणून ती चालवणाऱ्या स्मोलान्ड प्रांतातल्या पेंटेकॉस्टल ख्रिस्ती मंडळीने शाळेचा इतिहास लिहायचं काम गुन्वोरच्या गळ्यात घातलं. ती एकोणऐंशी वर्षांची. आधी तिथलीच विद्यार्थिनी, मग चाळीस वर्षं तिथेच विणकाम शिकवणारी. तिच्याइतकं जुनं माणूस आता उरलंच नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण.

अठ्ठावन्न सालापाशी तिचं लिखाण अडलं. त्या वर्षी अल्वार नावाचा विद्यार्थी शहरात जाऊन सिनेमा बघून आला; मंडळीत ते पाप. प्रार्थनागृहात हात वर करून मतदान झालं आणि त्याला शाळेतून नि मंडळीतून काढून टाकलं. त्याच्याशी बोलायचीही मनाई झाली. इतिवृत्तात 'एकमताने' असं लिहिलंय. अल्वारशी गुन्वोरचं लग्न ठरलं होतं. वर झालेल्या हातांत तिचाही होता.

"ते वर्ष गाळा की, गुन्वोरताई," कॉफीत बन बुडवत मुख्याध्यापक तोर्ग्नी म्हणाले. "समारंभाच्या पुस्तकात कशाला ती घाण उकरायची?"

"केली कुणी? आपणच ना? मग उकरायची पण आपणच. एकमताने असंच लिहिणार, आणि खाली माझं नाव."

साठ वर्षांत तिला ना रडू आलं, ना झोप उडाली. आत सगळं बधिर. निदान कागदावर तरी खरं असावं, एवढंच तिला हवं होतं. अल्वारचं नाव छापायचं तर त्याला विचारायला हवं, म्हणून तिने नंबर मिळवून फोन केला.

"छाप की," तो म्हणाला. आवाज थकलेला, पण खट्याळपणा तोच. "सिनेमा अगदी भिकार होता, तेही लिही."

"मतदानाचंही लिहितेय."

"बरोबर आहे. मी मान वर केलीच नाही बघ, बुटांकडे बघत बसलो. पण तुझा हात खाली होता, हे मला ठाऊक होतं. पुढे फार वाईट दिवस आले, गुन्वोर. तेवढ्यावर निभावलो."

गुन्वोरने समोरचा कागद पालथा घातला.

"आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "ऐकतेय."

मे महिन्यात पुस्तक निघालं. अठ्ठावन्न सालाखाली एकच वाक्य आहे: या वर्षी विणकामाच्या खोलीत चार नवे माग आले.

"शेवटी ऐकलंत म्हणायचं माझं!" तोर्ग्नी खूश होऊन म्हणाले.

"हो," गुन्वोर म्हणाली. खरं छापलं असतं, तर ते अल्वारने वाचलं असतं.