हातमोज्यातलं एक बोट

"बघा आजी, चार बोटं वाकतायत, हे एक ताठच! हातमोज्यात माणसाचा हातच नाही. आत पुतळा होता. तुमचा कप्तान वर गेलाच नाही."

व्हिडिओ बनवणाऱ्या दाढीवाल्याने मोबाइल म्हातारीच्या नाकापुढे नाचवला. पहिला अंतराळवीर म्हणून एकेकाळी डोक्यावर घेतलेल्या कप्तानाला, तो वारल्यावर लोक पार विसरले होते. आता ह्या थापेच्या व्हिडिओला चाळीस लाख बघे! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो हातमोजा तिने शिवला होता.

"त्या बोटाचं पेर तुटलं होतं, मेल्या! फोटोत हात धड दिसावा म्हणून मीच कापूस भरला."

दारात उभ्या मुलाने डोळे वटारले. "आई, पुरे."

त्याला ठाऊक होतं. उड्डाणाच्या वर्षभर आधी यानाचं दार कप्तानाच्या हातावर आपटलं, ते आपटणारा मेकॅनिक म्हणजे ह्या मुलाचेच वडील. कप्तानाने चौकशीत चूक स्वतःवर घेतली, म्हणून वडिलांची नोकरी टिकली. मरताना त्यांनी मुलाकडून वचन घेतलं होतं, हे घराबाहेर जाता कामा नये.

"तुटलं कसं?" दाढीवाल्याचे डोळे चमकले, त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "स्वतःच्याच हलगर्जीपणाने? वा! 'धांदरट कप्तान'! हे तर त्याहून जास्त चालेल."

"हलगर्जी? त्याला म्हणतोस?" म्हातारीने खुर्ची पुढे ओढली. "चालू आहे ना ते तुझं? मग नीट ऐक. दार माझ्या नवऱ्याने आपटलं. घाई त्याची, चूक त्याची. कप्तानाने आमच्यासाठी खोटं सांगितलं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो."

"बंद कर ते!" मुलगा ओरडला. दाढीवाला मोबाइल छातीशी धरून केव्हाच जिना उतरला होता.

"बाबांना चाळीस लाख लोकांपुढे उभं केलंस. तुझा कोण लागत होता तो?"

"कुणी नाही. तरी पन्नास वर्षं तुझ्या बापाच्या जागी तोच उभा होता."

मुलाने पायात चपला सरकवल्या. "मग आता त्यालाच बोलव," म्हणाला आणि गेला.

रोज संध्याकाळी मुलगा तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचा. सात वाजेपर्यंत तिने वाट पाहिली. मग मान मागे टाकून स्वतःच बाटली धरली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाशी. तिसरा कसाबसा डोळ्यात गेला.