सीतेची वेणी

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठं ओसरीवर तुऱ्याकडं बघत राहिलेल्या बायकांना कंठ फुटला.

"ही व्हय सीतेची येणी?" शेजारची कडूबाई म्हणाली. "हिचे तर निम्मे केस गळाल्यात!"

साळूच्या हातात फुलांचा तुरा तसाच राहिला. तिच्या नणंदेचं, छबूबाईचं, डोहाळजेवण होतं. किती वर्षांनी दिवस राहिलेले. मोगरा नको, अबोली नको, वहिनीच्या माहेरची येणीच माळीन, म्हणून ती हटून बसली होती. कारण कोल्हारात नांदायला आल्यापासून साळू तेच सांगत आलेली. आमच्याकडं झाडाच्या फांदीवर उगवते, जेठात फुलते, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी गच्च भरून खरोखरच्या वेणीसारखी लोंबते. डोंगरातली म्हणून हसणाऱ्या सासरी मिरवायला तिच्यापाशी तेवढंच होतं.

मागच्या साली, सत्तरच्या शिमग्याला, ती माहेरी, डांगाणाच्या डोंगरपट्ट्यात गेली आणि येताना रोप आणून दारच्या आंब्याला बांधलं. फूल नसलं की येणीचं रोप आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या, विरळ फुलांच्या जातीचं रोप सारखंच दिसतं. आई म्हणालीही होती, "पानाचं टोक बघ बरं. येणीचं कुरतडल्यागत असतंय. दुसरीचं गुळगुळीत, मधी खाच." पण एसटीची वेळ झालेली. आणि डांगाणात वाढलेलीनं टोकं काय बघत बसायची? हाताला आलं ते तिनं ओढलं.

कळ्या धरल्या तेव्हाच तिला कळलं होतं. एक इथं, एक तिथं. भरंल, उमलू तर दे, असं ती मनाला सांगत राहिली.

"वहिनी, हीच का गं ती?" छबूबाईनं हळूच विचारलं.

"डांगाणातली लेक, आन् तिला झाड वळखू ईना?" सासूबाई म्हणाल्या.

"मी न्हाई वो, आत्याबाई," साळू बोलून गेली. "ठकीनं काढलं ते. मी गाठोडं बांधीत हुते."

ओसरी खळखळून हसली. सगळ्यांनाच मोकळं वाटलं. "पोरच ते, त्याला काय कळतंय!" ठकी, साळूची पाच वर्षांची लेक, खांबाला धरून उभी होती. रोप निघालं तेव्हा ती आजीच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती. छबूबाईनं तिला जवळ ओढलं. "माझ्यासाठी आणलंस ना? मंग हीच माळायची." आणि तो विरळ तुरा तिनं खरंच अंबाड्यात खोवला.

साळू पंगतीला वाढत राहिली. पंगत उठल्यावर बघते तर ठकी आंब्याखाली बसलेली, तोंड उतरलेलं. साळूनं तिला मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. एवढीशी मान, तिच्यावर घामानं चिकटलेले केस. आता सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"आई, तवा मी लई ल्हान हुते ना?"

"व्हय गं बाई."

"मला आठवतच न्हाई." ठकीनं थोडा विचार केला. मग आईच्या मंगळसूत्राशी चाळा करत तिनं विचारलं, "पर तू माझ्यापाशीच हुतीस ना? मंग मी चुकत हुते तर तू मला का न्हाई सांगितलंस?"