गूळ फोडणारा बत्ता

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी बत्ता आहे. कासुर्डीजवळ सावळाराम आबांच्या गुऱ्हाळावर मी जन्मभर गुळाच्या ढेपा फोडल्या. काम ठोकायचे, म्हणून स्वभावही तापट. गोड बोलणे मला जमत नाही.

गुऱ्हाळावर आलेल्याने गूळ खाल्ल्याशिवाय जायचे नाही, ही आबांची रीत. प्रत्येकाबरोबर एक खडा त्यांच्याही तोंडात जाई. डॉक्टरांनी शुगर सांगितली, तर आबा हसले. "साखरेनं व्हते शुगर. ह्यो घरचा गूळ हाय, औषध हाय!" चहातली साखर बंद झाली आणि तिच्या जागी गूळ पडू लागला. गोळ्या फळीवर राहिल्या. सगळ्या गावाने माना डोलावल्या. मला अशी चीड यायची!

वर्षे गेली. आबांच्या पायांची आग होऊ लागली, मग माणसे आठवेनात. सून राजश्री कुरकुंभला औषधांच्या कंपनीत कामाला आहे. तिने त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, विसरण्याची कारणे अनेक असतात, पण वर्षानुवर्षे वाढलेली साखर मेंदूच्या रक्तवाहिन्याही खराब करते. आता तरी गूळ आवरा.

म्हणून आबांच्या पत्नी दगडाबाई आजींनी ढेप धान्याच्या कोठीत लपवली. दुपारी आबांना ती सापडेना. कोठीपाशी आजी दिसल्या आणि त्यांनी मला उचलले.

"चोरटे! माझ्या गुऱ्हाळात शिरतीस?"

"अवो, मी हाय! तुमची दगडा!"

पहिला घाव कोठीवर बसला, पत्रा चेपला. दुसरा आजींनी हातावर झेलला. ढेप फुटल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. हाड मोडल्याचा मी पहिल्यांदाच ऐकला. तिसरा डोक्यावर पडणार, तोच राजश्रीने आबांना मागून कव घातली आणि दोघे खाली कोसळले. माझ्या अंगावर रक्त होते. मला माझीच शिसारी आली.

राजश्रीने मला पाण्याच्या टाकीमागे फेकले. तिथून ओटा दिसतो. दुसऱ्या दिवशी आजी प्लॅस्टर घालून आल्या. आबांनी तो हात मांडीवर घेतला आणि ते कडाडले.

"कुणी मोडला ह्यो हात? नाव सांग! माझा बत्ता कुठं हाय? टाळकंच फोडतो त्याचं!"

"पडले वो मी," आजी म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरच्या आबांची शुगर वेळेवर तपासा. गोळ्या चुकू देऊ नका आणि घरचा म्हणून गूळ माफ करू नका. मला मात्र इथेच गंजू द्या. आजींना मारणाऱ्याला ठेचायचे म्हणून आबा अजून मला घरभर शोधत आहेत.