डॉक्टरांसाठी साठवलेलं बळ

या, असे जवळ सरकून बसा. एका काजवालीची गोष्ट सांगतो. देवाला ठाऊक आहे, तुम्हालाही असू दे.

शिवणकारखान्यात ती शर्टांना काजं करायची. एक ताप आला, उतरला आणि जाताना तिचं बळ घेऊन गेला. केस विंचरायला हात वर धरवेना. तपासण्या मात्र सगळ्या चांगल्या. हीच पंचाईत.

थोरली जाऊ म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं. आमच्या बाईला काम होईना, अंग वाकडं."

मुकादम म्हणाला, "डॉक्टर आजार आहे म्हणाले तर काम घरी पाठवीन. नाहीतर जागा दुसरीला."

सगळं त्या एका शब्दावर आलं. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. तोवर तिनं झाडू सोडला, भांडी सोडली, बोलणंही सोडलं. पडून राहिली, पेटीत दागिना राखावा तसं बळ राखत. जाण्याच्या सकाळी गवंडी नवऱ्यानं तिचे केस विंचरले, कपड्यांना इस्त्री केली. मोठ्या माणसापुढे गबाळं कसं जायचं?

जिना चढली. ताठ बसली. हसलीसुद्धा.

"चेहरा तर टवटवीत आहे," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"साहेब, घरी येऊन बघा हो," नवरा म्हणाला.

"बघून काय करू? यावर कुणी धड अभ्यासच केलेला नाही. मला दिसत नाही त्याला आजार कसा म्हणू? कामाला लागा बाई, बरं वाटेल."

जिना उतरताना अर्ध्यातच ती खाली बसली. नवऱ्यानं उचलून घरी आणलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. जागा दुसरीला गेली.

आता जाऊच तिला भरवते. पहिल्यांदा चमचा ओठांशी नेला, तर तिला मान उचलवेना. जाऊनं चमचा खाली ठेवला.

"अगं, तशीच जायचं होतंस ना. विस्कटलेली."

"लाज वाटली, जाऊबाई."

देवाला भिंतीआड दिसतं हो. डॉक्टरांना माणूस समोर चालत येईल तेवढाच दिसतो.

संध्याकाळी हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा. नुसतं काजवाली म्हणा, त्याला कळेल. तिला स्वतःला आता हात जोडवत नाहीत.